बॉल खरा, बॅट्समन पडद्यावरचा: नेटमध्ये सेन्सरची जोडणी कशी करायची

नेटमध्ये बॅट्समन कधी एकटा नसतो. त्याला बॉल टाकायला चार पोरं रांगेत उभी असतात, नाहीतर मशीन असतं. बॉलर एकटा आला की त्याच्यापुढे तीन स्टंप आणि मागची जाळी, एवढंच. सहा बॉल टाकायचे, चालत जाऊन गोळा करायचे, परत रनअपच्या खुणेवर यायचं. टप्पा नेमका कुठे पडला, बॉल स्टंपवर गेला असता की वरून, समोर डावखुरा असता तर काय झालं असतं, हे सांगायला कुणी नसतं.

आमच्याकडच्या एका छोट्या अकादमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी गेल्या पावसाळ्यात यावर एक जोडणी उभी केली. मुंबईत 1948 पासून कांगा लीग मुद्दाम पावसात खेळवतात, पण आमची पोरं तेवढी कडक नाहीत, जूनपासून शेडमध्येच. बॉलर खरा बॉल टाकतो, बॉल खऱ्या मॅटवर टप्पा घेतो आणि क्रीजवर टांगलेल्या पडद्यावरचा बॅट्समन तो खेळतो. काय लागतं, कोणत्या क्रमाने बसवायचं आणि मी कुठे कुठे आपटलो, ते खाली लिहिलंय. सोल्डरिंग आणि थोडं पायथन येत असेल तर दीड-दोन महिन्यांच्या शनिवार-रविवारांत होण्यासारखं काम आहे.

आधी सांधा ठरवा

गोल्फच्या सिम्युलेटरमध्ये बॉल चार पावलांवरच्या पडद्यावर आपटतो आणि पुढचा सगळा प्रवास संगणक दाखवतो. ते पाहून सगळ्यांना सुचतं तेच मलाही सुचलं: गच्चीवर सहा मीटर जागा आहे, तिथेच पडदा लावू, उरलेली पिच संगणकात. दोन महिने त्यात घालवले. तुम्ही घालवू नका.

कागदावर हिशोब मांडला असता तरी कळलं असतं. टप्पा बॉलरपासून साधारण 13 मीटरवर पडतो. दिशा मोजताना फक्त 1 अंशाची चूक झाली, तर तिथे बॉल 23 सेंमी बाजूला सरकलेला दिसतो. तिन्ही स्टंप मिळून रुंदीच 22.86 सेंमी. म्हणजे लेग स्टंपवरचा बॉल ऑफ स्टंपवर. वरखाली कोनात तेवढीच चूक झाली तर ताशी 100 किमीच्या बॉलचा टप्पा जवळजवळ एक मीटर पुढेमागे होतो. आणि हे झालं टप्प्याच्या आधीचं. शिवण कशी पडली, मॅट किती घासली आहे, स्पिनरच्या बॉलला किती पकड मिळाली, हे बॉल हवेत असताना कुठलाच सेन्सर सांगू शकत नाही. मग प्रोग्रॅम एक आकडा ठोकून देतो. पोरांना दोन ओव्हरमध्ये कळतं की हा व्हिडिओ गेम आहे, आणि ती हसत सुटतात.

गोल्फमध्ये हे चालतं, कारण तिथे पडद्यापलीकडे मुख्यतः हवेतलाच प्रवास असतो. क्रिकेटमध्ये सगळी मजा टप्प्यात आहे. म्हणून खऱ्याचा आणि आभासीचा सांधा टप्प्याच्या पलीकडे न्या. लाईन, लेंथ, स्विंग, वळण हे सगळं खरंच घडू द्या. संगणकाकडे शेवटचा सव्वा मीटर आणि बॅट्समन, एवढंच सोपवा.

याची किंमत जागेने मोजावी लागते. दोन्हीकडच्या पॉपिंग क्रीजमधलं, म्हणजे स्टंपांपुढच्या रेघांमधलं अंतर 17.68 मीटर. पडदा बॅट्समनकडच्या पॉपिंग क्रीजवर येतो, त्यामागे दीड मीटर मोकळं हवं, बॉलरकडे स्पिनरला पाच मीटर. म्हणजे 24-25 मीटर लांबी आणि निदान साडेतीन मीटर उंची. फास्ट बॉलरचा रनअप शेडच्या बाहेरून सुरू झाला तरी चालतो, फक्त उंबरठ्यावर चिखल नको. एवढी जागाच नसेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, हे आत्ताच सांगतो.

पडदा आणि प्रोजेक्टर

टप्पा पडल्यावर बॉलचा वेग सेकंदाला 23 मीटर उरला आहे असं धरू. 160 ग्रॅमचा सीझन बॉल त्या वेगाने पडद्यावर आदळतो, तेव्हा तो नवव्या मजल्यावरून खाली पडल्यासारखाच असतो. जाहिरातीचा फ्लेक्स आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी फाटला. गोल्फ सिम्युलेटरसाठी जाड विणीचा पॉलिएस्टरचा पडदा मिळतो, तोच घ्या. रुंदी अडीच मीटर, उंची अडीच मीटर.

पडदा ताणून बांधायचा मोह होतो, कारण चित्र छान सपाट दिसतं. पण ताणलेला पडदा म्हणजे ट्रॅम्पोलीन. बॉल सरळ बॉलरच्या नडगीवर परत येतो. वरून आणि बाजूंनी इलॅस्टिकच्या दोऱ्यांनी थोडा ढिला टांगा, खालची कड मोकळी सोडून वीतभर जमिनीवर लोळू द्या. मागे 60 सेंमीवर दुसरी जाळी. पडद्याच्या थेट मागे लोखंडी खांब अजिबात नको.

प्रोजेक्टर छताला, पडद्यापासून तीन मीटर अलीकडे. 1.2 थ्रो रेशोचा (अंतर भागिले चित्राची रुंदी) साधा प्रोजेक्टर तिथून अडीच मीटर रुंद चित्र देतो. बॉलर लांब असल्यामुळे त्याची सावली पडत नाही. प्रोजेक्टरभोवती जाळीचा पिंजरा आणि पुढे पॉलिकार्बोनेटची काच लावा. बाऊन्सर सुटतोच कुणाच्या तरी हातून.

प्रकाशाचं भांडण मिटवावं लागतं. प्रोजेक्टरला अंधार हवा, कॅमेऱ्याला उजेड. आम्ही पिचवर दिवे लावले आणि पडद्याच्या बाजूला त्यांना पत्र्याची झापड बसवली. दिवे घेताना एक पाहा: साधे एलईडी फ्लड लाइट आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण वेगवान कॅमेऱ्यात एक फ्रेम उजळ आणि एक काळपट येते. डीसी ड्रायव्हरवर चालणारे दिवे घ्या.

किरणांची चौकट

बॉल पडद्यावर कुठे पोचला हे मोजणारी ही चौकट म्हणजे सगळ्या जोडणीचा प्राण. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

इंटरॅक्टिव्ह भिंतींसाठी फिरता लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर विकतात. भिंतीवर हात लावला की तो जागा ओळखतो. दुकानदार म्हणेल, बॉलही ओळखेल. गणित करा. 7.2 सेंमीचा बॉल सेकंदाला 23 मीटर वेगाने एखाद्या पातळीतून 3 मिलिसेकंदांत पार होतो. सेकंदाला 10 फेऱ्या मारणारा लायडार एका फेरीला 100 मिलिसेकंद घेतो. म्हणजे शंभरातले नव्वदहून जास्त बॉल त्याच्या नजरेतून सुटणार.

त्याऐवजी इन्फ्रारेड किरणांची जाळी करा. एका पट्टीवर एलईडी, समोरच्या पट्टीवर उजेड ओळखणारे फोटोट्रान्झिस्टर (हेच रिसीव्हर), दर 3 सेंमीला एक जोडी. 2 मीटर रुंदीला 66 आणि दीड मीटर उंचीला 50 जोड्या. बॉल एका वेळी दोन-तीन किरण तोडतो. तुटलेल्या किरणांचा मध्य काढला की जागा दीड सेंमीच्या आत मिळते.

एलईडी तीन-तीनच्या माळेत, 5 व्होल्टवर, प्रत्येक माळेला 27 ओहमचा रेझिस्टर. 66 एलईडींना मिळून पाऊण अँपिअर पुरतो. अरुंद झोताचेच एलईडी घ्या. झोत रुंद असेल तर शेजारच्याचा उजेड पडतो आणि किरण तुटला तरी रिसीव्हरला अंधार कळत नाही. प्रत्येक रिसीव्हरवर दोन सेंमी लांबीची काळी नळी चढवली की हा घोळ संपतो. आम्ही काळ्या स्ट्रॉ कापून घातल्या.

टीव्हीच्या रिमोटचे तीन पायांचे रिसीव्हर स्वस्त असतात म्हणून ते वापरू नका. त्यांना थांबून थांबून येणारा सिग्नल लागतो. किरण सतत चालू ठेवला की ते तो गोंगाट समजून दाबून टाकतात. साधे दोन पायांचे फोटोट्रान्झिस्टर हवेत.

रिसीव्हर वाचायला 74एचसी165 जातीच्या शिफ्ट रजिस्टरची (आठ रिसीव्हर एका तारेवरून ओळीने वाचू देणाऱ्या चिपची) माळ: रुंदीला 9, उंचीला 7, एकूण 128 बिट. ईएसपी32 हा छोटा मायक्रोकंट्रोलर त्या 4 मेगाहर्ट्झला 32 मायक्रोसेकंदांत वाचतो. दर 100 मायक्रोसेकंदांनी वाचत राहिलात तर बॉल किरणांत असेपर्यंत तीसेक नोंदी मिळतात. भरपूर झाल्या.

आता खालच्या पट्टीविषयी. रुंदी मोजणारे किरण वरून खाली येतात, म्हणजे एक पट्टी जमिनीवर. ती मी मॅटवर ठेवून वर लाकडी पट्टा ठोकला होता. दुसऱ्याच दिवशी बारा-तेरा वर्षांच्या एका पोराने बुंध्यात यॉर्कर टाकला. पट्टा उडाला, आठ रिसीव्हर गेले, आणि पोरगं घाबरून म्हणालं, "सर, नो बॉल होता." आता ती पट्टी अॅल्युमिनियमच्या नालीत, फरशीच्या पातळीत पुरली आहे आणि वर अॅक्रिलिकची पट्टी आहे. अॅक्रिलिकवर धूळ बसते. रोज सुरू करण्याआधी ओल्या फडक्याने पुसायची.

चौकट पडद्याच्या 40 सेंमी पुढे ठेवा. ते अंतर का, ते पुढे येईल. उन्हाची तिरीप थेट पडत असेल तर फोटोट्रान्झिस्टर आंधळे होतात. पश्चिमेची खिडकी झाका.

टप्पा पाहणारा कॅमेरा

कॅमेरा एकच पुरतो, जागा बरोबर निवडली तर. बॉलरच्या मागे लावला तर मध्ये बॉलरच येतो. बाजूला लावला तर नेटच्या रुंदीत पिच मावत नाही. पडद्याच्या वर, 3.2 मीटर उंचीवर, बॉलरकडे तोंड करून बसवा. तिथून टप्प्याची जागा जवळून दिसते, हातातून बॉल सुटताना दिसतो, आणि प्रोजेक्टरचा झोत डोळ्यात जात नाही. कॅमेरा आडवा नको, उभा बसवा. आपल्याला लांबी हवी आहे, रुंदी नको.

ग्लोबल शटरचाच, म्हणजे सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा घ्या. ओव्ही9281 सेन्सरचे यूएसबी कॅमेरे 1280 बाय 800 वर सेकंदाला 120 फ्रेम देतात, कृष्णधवल चित्र, आपल्या कामाला उत्तम. एक्स्पोजर 1/2000 सेकंदापर्यंत खाली आणा. ताशी 100 किमीचा बॉल तेवढ्यात 1.4 सेंमी सरकतो, म्हणजे गोल गोलच दिसतो. बॉल पांढरा वापरा. कृष्णधवल चित्रात लाल बॉल मॅटमध्ये हरवतो.

एका कॅमेऱ्याने खोली कळत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण टप्पा पडतो त्या क्षणी बॉल जमिनीला टेकलेला असतो आणि जमीन सपाट आहे. म्हणून मॅटवर चार खुणा करा: स्टंपांपासून 2 मीटर आणि 10 मीटरवर, दोन-दोन मीटर रुंद. ओपनसीव्ही या चित्र-प्रक्रियेच्या लायब्ररीत या चार बिंदूंवरून होमोग्राफी (चित्रातली जागा जमिनीवरच्या जागेशी जोडणारं गणित) काढली की टप्प्याचा पिक्सेल थेट मीटरमध्ये बदलतो. त्याआधी बुद्धिबळाच्या पटासारख्या छापील कागदाने लेन्सचा फुगवटा दुरुस्त करून घ्या.

दोन फ्रेममध्ये बॉल 23 सेंमी जातो, त्यामुळे टप्प्याची नेमकी फ्रेम जवळजवळ कधीच सापडत नाही. टप्प्याआधीच्या चार-पाच बिंदूंवरून एक वक्र, नंतरच्या बिंदूंवरून दुसरा. दोन्ही जिथे छेदतात तो टप्पा. अगदी बुंध्यातला बॉल कॅमेऱ्याच्या नजरेखालून जातो. त्याची चिंता नको: चौकटीत बॉल घोट्याएवढ्या उंचीवर आला आणि टप्पा सापडला नाही, तर तो यॉर्कर किंवा फुलटॉस धरा.

वेगही इथूनच मिळतो. टप्पा स्टंपांपासून 6 मीटरवर पडला, तर तो बॉलरच्या क्रीजपासून 12.9 मीटरवर. बॉल 2 मीटर उंचीवरून सुटला, म्हणजे तिरकं अंतर 13.05 मीटर. मध्ये 0.47 सेकंद गेला तर सरासरी वेग ताशी 100 किमी. एका फ्रेमची चूक म्हणजे 2 टक्क्यांहून कमी. हा आकडा टीव्हीवरच्यापेक्षा थोडा कमीच येणार, कारण तिथे हातातून सुटताक्षणीचा वेग दाखवतात आणि हवा बॉलला लगेच रोखायला लागते. पोरांना हे आधीच समजावून सांगा. नाहीतर "मशीन खराब आहे" ऐकत बसावं लागेल.

बॉलमध्येच चिप बसवण्याचा मार्गही आहे. कूकाबुराचा तसा बॉल 2021 च्या कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये वापरला गेला. पण रोज शंभर बॉल आपटणाऱ्या शेडसाठी तो नाद करू नये असं माझं मत.

वेळ जुळवणं

टप्पा पडल्यापासून पडद्यापर्यंत बॉलला 0.2 सेकंद लागतो. एवढ्यात कॅमेऱ्याची फ्रेम, प्रोग्रॅमचा विचार आणि प्रोजेक्टरची दिरंगाई सगळं बसवायचं आहे. बॉल आदळल्यावर बॅट हलली तर सगळा खेळ संपला.

म्हणून बॅट्समनची हालचाल तीन तुकड्यांत करा. बॉलर धावायला लागला की बॅकलिफ्ट. कॅमेऱ्याने टप्पा सांगितला की पुढचा पाय की मागचा, एवढाच निर्णय. चौकटीतले किरण तुटले की फटका आणि त्याचा निकाल. चौकट 40 सेंमी पुढे ठेवण्याचं कारण हेच: सेकंदाला 23 मीटरच्या बॉलला ते अंतर कापायला 17 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 60 हर्ट्झच्या प्रोजेक्टरची बरोबर एक फ्रेम हातात येते. प्रोजेक्टर घेताना चमकदारपणाच्या आकड्यापेक्षा इनपुट लॅग (सिग्नल आल्यापासून चित्र दिसेपर्यंतची दिरंगाई) विचारा आणि त्यातला गेम मोड चालू करा. चित्र सरळ करणारी आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. तीही वेळ खाते.

आम्ही कॅमेऱ्याचं काम पायथनमध्ये आणि पडद्याचं गोडॉट या गेम इंजिनमध्ये केलं. दोघं एकाच संगणकावर, यूडीपी या झटपट नेटवर्क संदेशांच्या पद्धतीने बोलतात. वायफाय मध्ये आणू नका.

पडद्यावर काय दाखवायचं

स्टंप पडद्याच्या 1.22 मीटर मागे आहेत असं बॉलरला वाटलं पाहिजे. 1.7 मीटर उंचीवर डोळे असलेल्या बॉलरसाठी ते पडद्यावर 71.1 सेंमीऐवजी साडेसहासष्ट सेंमी उंच, 21.4 सेंमी रुंद आणि जमिनीपासून 11 सेंमी वर काढावे लागतात. हे न करता खऱ्या मापाचे स्टंप पडद्याच्या तळाशी काढले, तर बॉलर नकळत आखूड टाकायला लागतो. आमच्याकडे आठवडाभर हेच चाललं होतं आणि दोष पोरांच्या मनगटाला जात होता.

बॅट्समन हुबेहूब माणसासारखा करण्यात वेळ घालवू नका. गडद पार्श्वभूमीवर स्वच्छ आकृती पुरे. त्याची अक्कल म्हणजे एक तक्ता. फास्ट बॉलिंगसाठी स्टंपांपासून 2 मीटरपर्यंत यॉर्कर, 6 पर्यंत फुल, 6 ते 8 गुड लेंथ, त्यापुढे आखूड. स्पिनरसाठी हे सगळे पट्टे स्टंपांकडे ओढायचे. प्रत्येक खान्यात लाईनप्रमाणे चार-पाच निकाल आणि त्यांची शक्यता. हा तक्ता प्रोग्रॅमरने भरू नये. तुमच्या कोचला बसवा, चहा द्या, आणि प्रत्येक खान्याला "इथे पंधरा वर्षांचा पोरगा काय करेल?" एवढंच विचारा. आमच्या कोचने एका खान्यावर पेन्सिल ठेवून म्हटलं, "इथे बीट होणार, पण आउट झाला समजून बॉलर नाचेल. त्याला नाचू दे, आवाज काढू नको."

बॉल सोडला किंवा पॅडवर लागला, तर पुढचा मार्ग दाखवता येतो. 2001 मध्ये ब्रिटनच्या चॅनल 4 ने हॉकआय पडद्यावर आणलं तेव्हापासून सगळ्यांना ती रेघ पाहायची सवय आहे. आपल्याला टप्पा आणि चौकट असे दोन बिंदू ठाऊक आहेत. तीच दिशा गुरुत्वाकर्षण धरून आणखी 1.62 मीटर वाढवायची. अर्ध्याहून कमी बॉल स्टंपला लागत असेल तर सरळ नॉट आउट द्या. आपली मोजणी तेवढी बारीक नाही.

पडताळणी

ही पायरी गाळून पोरांना बोलावलंत तर पस्तावाल. बॉलला ओला खडू फासा, पडद्यावर टाका, उमटलेला डाग टेपने मोजा आणि प्रोग्रॅमच्या आकड्याशी ताडा. डाग चौकटीच्या 40 सेंमी मागे पडतो, तेवढा फरक धरा. वीस बॉल. चूक सगळीकडे एकाच बाजूला असेल तर चौकट सरकली आहे. कशीही विखुरलेली असेल तर एखादा रिसीव्हर मेला आहे. टप्प्यासाठी मॅटवर पाच ठिकाणी बॉल नुसता ठेवा आणि कॅमेरा काय म्हणतो ते पाहा. महिन्यातून एकदा हे परत करायचं, आणि कुणी कॅमेऱ्याच्या खांबाला शिडी टेकवली असेल तर त्याच दिवशी.

फटका दिसल्यावर बॉलर जागेवरच थांबतो आणि फॉलो-थ्रू विसरतो, ही एक नवी खोड आम्हाला दिसली. उपाय म्हणून निकालाचा आकडा दोन सेकंद उशिरा दाखवतो. पडदा मजेचा आहे, त्यामुळे पोरं थांबतच नाहीत. दर बॉल मोजला जातोच, तर कोचने ठरवलेली दिवसाच्या बॉलची मर्यादा आली की प्रोजेक्टर आपोआप बंद होईल अशी ओळ प्रोग्रॅममध्ये टाका. आमच्याकडे ती आहे. परवा एका पोराने लॅपटॉपचं घड्याळच मागे केलेलं सापडलं, म्हणून आता मोजणी ईएसपी32 मध्ये होते.